नवी रायफल, पहिली गोळी : वाचकांचे प्रश्न

अमेरिका आणि कॅनडातल्या बहुतेक भागांत हरणांचा रायफलीचा हंगाम नोव्हेंबरच्या आसपास असतो. त्यामुळे तिकडच्या वाचकांचे प्रश्न या दिवसांत येतात आणि त्यांतले बरेचसे नुकत्याच घरी आणलेल्या रायफलीबद्दल असतात. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. इथून आलेला एक प्रश्न पीकसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेल्या रायफलीचा आहे, त्याचेही उत्तर खाली दिले आहे. रायफलीसोबत आलेली पुस्तिका आणि आमचे उत्तर यांत कुठे फरक दिसला तर पुस्तिकेप्रमाणे वागावे.

प्रश्न : .३०८ विंचेस्टरची बोल्ट-ॲक्शन रायफल घेतली. दुकानदार म्हणाला, ‘नवी कोरी आहे, थेट रेंजवर न्या.’ नळी आतून लखलखीत दिसते. तरी साफ करायची का? करायची तर कशी? (डुलुथ, मिनेसोटा)

उत्तर : करायचीच. नळी लखलखते ती बहुधा तेलामुळे. कारखान्यातून निघालेली रायफल महिनोन् महिने गोदामात पडून राहणार, हे धरून कंपनी नळीत, चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसते त्या जागेत) आणि बोल्टवर (चेंबर मागून बंद करणाऱ्या दांड्यावर) गंज रोखणारे तेल किंवा ग्रीस चोपडते. शिवाय प्रत्येक रायफल बाहेर पडण्याआधी तिच्यातून चाचणीच्या गोळ्या झाडलेल्या असतात. म्हणजे नळीत जळलेल्या दारूची काजळी आणि गोळीच्या आवरणाचे तांबेही थोडेफार असते. बोल्टच्या खाचांत कधी कधी यंत्रकामाचा बारीक धातूचा कीस सापडतो.

हे तसेच ठेवून गोळी झाडली तर काय बिघडते? नळीत तेलाचा पातळ थर असेल तर पहिली गोळी भलतीकडे जाते आणि दुर्बीण जुळवताना तुम्ही त्या चुकीच्या गोळीमागे धावत बसता. घट्ट ग्रीस असेल तर नळीतला दाब वाढतो. चेंबरमधले तेल आणखी वाईट. काडतूस फुटते तेव्हा पितळी केस फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट धरते आणि मागे येणाऱ्या जोराचा काही भाग त्या भिंती पेलतात. भिंती तेलकट असल्या की केस मागे सरकते आणि तो सगळा जोर बोल्टच्या लगांवर (बोल्ट जागी अडकवणाऱ्या दातांवर) येतो. म्हणून चेंबर कोरडे हवे, अगदी ठणठणीत कोरडे.

सामान फार लागत नाही. एकसंध सळई घ्यावी, प्लास्टिकचे आवरण असलेली किंवा स्टेनलेस स्टीलची. तीन तुकडे जोडून होणाऱ्या ॲल्युमिनियमच्या सळईच्या सांध्यांवर चिंधी अडकते आणि मऊ धातूत बारीक कचरा रुतून बसतो. तुमच्या रायफलीला ३६ इंचांची सळई पुरेल. .३० कॅलिबरचा ब्राँझचा ब्रश, जॅग (सळईच्या टोकाला चिंधी धरणारा तुकडा), दोन इंचांच्या आसपासच्या सुती चिंध्या, काजळी काढणारे सॉल्व्हंट, बंदुकीचे तेल, थोडे ग्रीस, एक जुना दातांचा ब्रश आणि नायट्राइलचे हातमोजे. यात बोर गाइड जरूर घ्या. बोल्टच्या जागी बसणारी ही प्लास्टिकची नळी सळईला मधोमध ठेवते, चेंबरपुढच्या भागाला खरचटू देत नाही आणि सॉल्व्हंट ट्रिगरमध्ये ओघळू देत नाही. खिडकी उघडी ठेवा.

आधी खोलीतून सगळी काडतुसे बाहेर न्या. मॅगझिन काढा, बोल्ट उघडा, चेंबर डोळ्यांनी पाहा आणि करंगळीने चाचपा. मग बोल्ट बाहेर काढा. बऱ्याच रायफलींत डाव्या बाजूची कळ दाबून बोल्ट मागे ओढला की निघतो. काहींत ट्रिगर दाबावा लागतो, ते पुस्तिकेत दिलेले असते. आता नळीच्या तोंडासमोर पांढरा कागद धरून मागून आत पाहा. तोंडावरचे प्लास्टिकचे टोपण किंवा वाहतुकीसाठी नळीत घातलेली कांडी तशीच राहिलेली असू शकते, म्हणून हे पाहणे वगळू नये.

पहिल्या दोन चिंध्या कोरड्या घाला. पिवळट-तपकिरी तेल निघेल. लगेच सॉल्व्हंट घातले तर ते त्या तेलात मिसळून फिके पडते, म्हणून कोरडी चिंधी आधी. मग सॉल्व्हंटने भिजवलेली चिंधी फिरवून पाच मिनिटे थांबा. त्यानंतर ब्राँझचा ब्रश सॉल्व्हंट लावून आठ-दहा वेळा मागून पुढे पूर्ण बाहेर काढा. नळीच्या आत असताना ब्रशची दिशा बदलू नका. तारा वाकतात आणि ब्रश तिथेच अडकतो. नंतर कोरड्या चिंध्या, स्वच्छ निघेपर्यंत. चिंधी तोंडातून बाहेर पडली की सळई हळू मागे घ्या. नळीच्या तोंडाची आतली कड म्हणजे क्राउन. गोळी नळी सोडताना शेवटचा स्पर्श तिला करते, आणि तिथला एक ओरखडाही नेम बिघडवतो.

चेंबरसाठी जाड ब्रशवर चिंधी गुंडाळून फिरवा आणि पुसून कोरडे करा. लग जिथे फिरून बसतात ती खाच नजरेआड असते. लांब काडीवर कापूस गुंडाळून ती पुसा. पहिला बोळा बहुतेकदा काळा येतो.

बोल्ट चिंधीने पुसा. एक्स्ट्रॅक्टरच्या (केस चेंबरमधून ओढून काढणाऱ्या) नखाखाली दातांचा ब्रश फिरवा. बोल्टच्या तोंडावरची इजेक्टरची (केस बाहेर फेकणारी) बारीक खुंटी लाकडी काडीने दाबून पाहा. ती आत जाऊन टचकन बाहेर आली पाहिजे. ग्रीसमुळे चिकटत असेल तर सॉल्व्हंटचे दोन थेंब सोडून पुन्हा पुन्हा दाबा. नंतर लगांच्या मागच्या बाजूला मोहरीच्या दाण्याएवढे ग्रीस, आणि बोल्ट उचलताना जो उतार घासतो त्यावर तेवढेच. बाकी बोल्टला तेलाचा हात पुरे. लोकांचे हात इथेच सढळ होतात, आणि नव्या रायफलीच्या तक्रारींत तेल कमी पडल्यापेक्षा जास्त झाल्याच्या तक्रारी अधिक असतात.

ट्रिगरमध्ये तेल सोडू नका. तिथे तेल साचले की धूळ धरते, चिकट होते आणि ट्रिगर नीट परत बसत नाही. आत कारखान्याचे ग्रीस दिसत असेल तर सिगारेट लायटरचे इंधन थोडे सोडून धुवा आणि पूर्ण वाळू द्या. ते मागे काही ठेवत नाही. मात्र आसपास ज्योत नको. मॅगझिन खोलून कोरडे पुसा आणि कोरडेच ठेवा, कारण तेल काडतुसाच्या प्राइमरपर्यंत (बुडातल्या, आधी पेटणाऱ्या टिकलीपर्यंत) झिरपू शकते.

मग दस्त्याचे स्क्रू. अनेक नव्या रायफलींत हे ढिले किंवा असमान आवळलेले असतात आणि नेम पसरण्याचे खापर नळीवर फुटते. इंच-पाउंड दाखवणारा टॉर्क रेंच घ्या. आकडा पुस्तिकेत दिलेला असतो. साधारणपणे लाकडी किंवा साध्या प्लास्टिक दस्त्याला ३५ ते ४५ इंच-पाउंड, आणि आत ॲल्युमिनियमचा आधार असेल तर ६० ते ६५. आधी पुढचा स्क्रू, मग मागचा.

शेवटी सेफ्टीची परीक्षा. चेंबर रिकामे असल्याची पुन्हा खात्री करा किंवा नकली काडतूस घाला. बोल्ट बंद करा, सेफ्टी लावा, ट्रिगर जोराने दाबा, सोडा. आता ट्रिगरला हात न लावता सेफ्टी काढा. फायरिंग पिन (प्राइमरवर आपटणारी सुई) सुटता कामा नये. मग सेफ्टी काढलेल्या अवस्थेत रबरी चटईवर दस्त्याचा मागचा भाग हलकेच आपटा, आणि बोल्ट दोन-चार वेळा झटक्याने बंद करा. यातल्या कुठल्याही वेळी पिन सुटली तर रायफल दुकानात परत. स्वतः ट्रिगरचे स्क्रू फिरवत बसू नका. नकली काडतुसे मॅगझिनमध्ये भरून एकेक चढते का, निघते का, बाहेर फेकली जाते का, हेही घरीच पाहून घ्या.

नळीवर कोरलेले कॅलिबर आणि काडतुसाच्या डब्यावरचे नाव अक्षरशः जुळले पाहिजे. आणि रेंजवर निघण्याआधी नळीतून एक कोरडी चिंधी पुन्हा फिरवा.

प्रश्न : नव्या रायफलीच्या नळीतून निळ्या चिंध्या निघणे थांबतच नाही. सॉल्व्हंट रात्रभर ठेवू का? आणि ‘एक गोळी, एक सफाई’ असे ब्रेक-इन (नळी रुळवणे) खरेच करावे लागते का? (डॅलस, टेक्सस)

उत्तर : रात्रभर अजिबात ठेवू नका. तांबे काढणारी तिखट वासाची सॉल्व्हंट अमोनियाची असतात. ती दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नयेत, कारण जास्त वेळ राहिली तर काही स्टीलवर चट्टे पडतात. बाटलीवर जी वेळ लिहिली असेल ती पाळा, आणि नंतर साधे सॉल्व्हंट किंवा तेल फिरवून सगळे बाहेर काढा. दोन वेगळी सॉल्व्हंट नळीत एकत्र होऊ देऊ नका. ब्लीचजवळ तर अमोनिया कधीच नेऊ नका, विषारी वायू होतो.

निळा रंग म्हणजे अमोनियात विरघळलेले तांबे. गोळीचे आवरण ज्या मिश्रधातूचे असते त्यात सुमारे ९५ टक्के तांबे असते, ते घासून नळीला लागते. पण तुमचा जॅग पितळी असेल तर? पितळातही तांबेच, आणि ब्राँझच्या ब्रशमध्येही. सॉल्व्हंट त्यांनाच खाते आणि चिंधी निळी येते. पारख सोपी आहे: एका चिंधीवर सॉल्व्हंट घेऊन जॅग नळीबाहेर दोन मिनिटे गुंडाळून ठेवा. चिंधी निळी झाली तर दोष जॅगचा. निकेलचा मुलामा दिलेला किंवा प्लास्टिकचा जॅग घ्या आणि तांब्याच्या सॉल्व्हंटबरोबर नायलॉनचा ब्रश वापरा. आलेल्या पत्रांत निळ्या चिंधीची तक्रार वारंवार असते आणि तिचे उत्तर बहुतेकदा इतकेच निघते.

ब्रेक-इनबद्दल जाणकारांत एकमत नाही. त्यामागचा विचार असा: चेंबर कापणारे हत्यार नळीच्या सुरुवातीला, रायफलिंग (नळीतल्या पिळदार खाचा) जिथून सुरू होते तिथे, आडव्या बारीक रेघा ठेवून जाते. पहिल्या गोळ्यांचे तांबे त्या रेघांवर खरवडते आणि पुढे नळीत चिकटते. अधूनमधून तांबे काढत गेले तर पुढची गोळी त्या रेघांवरून थेट जाते आणि त्या लवकर गुळगुळीत होतात. हाताने घासून पॉलिश केलेल्या महागड्या नळ्यांना हे फार कमी लागते. आतून क्रोम केलेल्या नळीला करण्यात अर्थ नाही.

आमचे मत : कारखान्याच्या नळीला थोडे करावे, त्याचे कर्मकांड करू नये. एक गोळी आणि सफाई असे पाच वेळा, मग तीन गोळ्या आणि सफाई असे दोन-तीन वेळा. वीसच्या डब्यात हे बसते आणि त्याच गोळ्यांत दुर्बीणही ढोबळ जुळते. मध्येच चिंध्यांवरचा निळा रंग एकदम कमी झाला तर तिथेच थांबा. शंभर गोळ्यांचे वेळापत्रक पाळण्यात नळीचा फायदा नाही. उलट बोर गाइडशिवाय एवढ्या वेळा सळई घातली तर नुकसानच व्हायचे.

या काळात नळी तापू देऊ नका. शिकारीच्या रायफलीची नळी बारीक असते. तीन गोळ्यांनंतर बोल्ट उघडा ठेवून दहा मिनिटे थांबा. टेक्ससच्या उन्हात त्याहूनही जास्त, आणि रायफल सावलीत ठेवा. नळीला हात लावून पाच सेकंद ठेवता आला नाही तर ती अजून गरम आहे.

एकदा नेम बसला की हंगामापर्यंत नळी तांबेमुक्त करण्याच्या मागे लागू नका. स्वच्छ नळीतून सुटणारी पहिली गोळी बऱ्याच रायफलींत पुढच्यांपेक्षा इंचभर इकडेतिकडे जाते. सफाई केलीच तर शिकारीला जाण्याआधी रेंजवर दोन-तीन गोळ्या झाडून घ्या आणि मग फक्त बाहेरून पुसा.

प्रश्न : मी एच-१बी व्हिसावर आहे. रायफल विकत घेण्याआधी शिकारीचा परवाना लागतो, असे एक मित्र म्हणतो. खरे का? (सॅन अँटोनिओ, टेक्सस)

उत्तर : खरे. एच-१बीसारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावरील व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसे बाळगायला संघीय कायद्याची मनाई आहे. तिला जे मोजके अपवाद आहेत त्यांतला एक म्हणजे अमेरिकेत कायदेशीरपणे मिळालेला, मुदतीतला शिकारीचा परवाना. परवाना संपला की अपवादही संपतो, म्हणून रायफल घरात असेपर्यंत तो चालू ठेवा आणि रेंजवर जाताना जवळ बाळगा. टेक्ससमध्ये २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा नंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचा अभ्यासक्रमही लागू आहे. तो जरूर करा. खरेदीआधी वकिलाशी एकदा बोलणे केव्हाही स्वस्त.

प्रश्न : दुर्बीण घरी बसवली. रेंजवर १०० यार्डांवर कागदाला एकही गोळी लागली नाही. काय चुकले? (पिट्सबर्ग, पेनसिल्व्हेनिया)

उत्तर : दोन शक्यता. बसवण्यात काहीतरी ढिले आहे, किंवा १०० यार्डांपासून सुरुवात केली हेच चुकले. दोन्ही पाहू.

बेस (दुर्बिणीखालची पट्टी) काढा. रिसीव्हरच्या (बोल्ट ज्यात सरकतो त्या भागाच्या) स्क्रूच्या भोकांत कारखान्याचे तेल भरलेले असते. तेल असताना स्क्रू आवळला तर तो घट्ट वाटतो आणि पाच-सात धक्क्यांत सुटतो. भोके आणि स्क्रू दोन्ही आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाळवा. बेसच्या स्क्रूला निळ्या लॉकटाइटचा (स्क्रू पक्का धरणाऱ्या डिंकाचा) छोटा थेंब, आणि साधारण २० इंच-पाउंड. पुढच्या भोकातला स्क्रू लांब असेल तर आत नळीच्या आट्यांवर किंवा बोल्टच्या लगावर टेकतो. मग बेस हलतो तरी किंवा बोल्ट बंद व्हायला अडतो तरी. प्रत्येक स्क्रू आवळल्यावर बोल्ट फिरवून पाहा.

रिंगच्या (दुर्बीण धरणाऱ्या कड्याच्या) वरच्या टोपीचे स्क्रू १५ ते १८ इंच-पाउंड, आलटूनपालटून, दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवून. इथे लॉकटाइट नको. त्याने आटे निसरडे होतात, रेंच तोच आकडा दाखवतो पण प्रत्यक्षात दाब जास्त पडतो आणि दुर्बिणीची नळी चेपते. आवळण्याआधी डोळा आणि दुर्बीण यांतले अंतर ठरवा, दुर्बीण सर्वांत जास्त मोठे दाखवेल अशी लावून. आणि हे करताना शिकारीला घालणार तोच जाड कोट अंगात असू द्या. कोटामुळे रायफल पुढे सरकते आणि डोळा मागे राहतो. टी-शर्टमध्ये बेतलेले साडेतीन इंचांचे अंतर नोव्हेंबरच्या थंडीत जुळत नाही. उभी रेघ सरळ आहे का, हे पाहायला वीस-पंचवीस यार्डांवर ओळंबा टांगा.

आता नेम. बोल्ट काढून रायफल वाळूच्या पिशव्यांवर पक्की ठेवा आणि २५ यार्डांवरचा कागद नळीतून पाहा. कागदाचा मध्य नळीच्या गोलात मधोमध आला की रायफल न हलवता दुर्बिणीच्या घुंड्या फिरवून दुर्बिणीतल्या रेघांचा छेद त्याच मध्यावर आणा. बोल्ट घाला, एक गोळी झाडा. ती कागदावर लागेलच.

घुंडीचा हिशेब इथे बरेच जण चुकतात. पाव मिनिटाचा (इथे मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) एक क्लिक १०० यार्डांवर पाव इंच सरकवतो, पण २५ यार्डांवर इंचाचा सोळावा भागच. गोळी दोन इंच खाली लागली असेल तर आठ नव्हे, ३२ क्लिक वर. २५ यार्डांवर मध्य साधल्यावर १०० वर जा. .३०८ आणि १५० ग्रेनची गोळी असेल तर ती तिथे साधारण अडीच इंच वर लागते. हे बरोबर आहे, घाबरून जाऊ नका. तीन गोळ्यांचा गट मारून त्याच्या मध्यावरून दुरुस्ती करा, एकेका गोळीवरून नको. १०० वर दीड-दोन इंच वर ठेवले की २०० यार्डांच्या आसपास गोळी मध्यावर येते. हे सगळे ज्या काडतुसांनी शिकार करणार त्याच काडतुसांनी करा. कंपनी बदलली, वजन बदलले की नेम पुन्हा पाहावा लागतो. वीसेक गोळ्यांनंतर सगळे स्क्रू एकदा तपासा.

प्रश्न : पीकसंरक्षणासाठी परवाना आहे. ईशापूरची नवी .३१५ घेतली. सगळीकडे घट्ट ग्रीस आहे. गावात बंदुकीला खोबरेल लावतात, ते चालेल का? (यवतमाळ जिल्हा)

उत्तर : खोबरेल नको. ते २४ अंशांच्या खाली गोठते, आणि यवतमाळची पहाट हिवाळ्यात त्याहून बरीच खाली जाते. फायरिंग पिनच्या स्प्रिंगमध्ये गोठलेले खोबरेल पिनचा वेग मारते आणि काडतूस फुटत नाही. शिवाय कुठलेही खायचे तेल हवेने खवट होते, त्यात आम्ल तयार होते, वर चिकट पापुद्रा धरतो. मोहरीच्या तेलाचे तेच. बंदुकीचे तेल मिळत नसेल तर शिलाई मशीनचे तेल त्यातल्या त्यात बरे, पण ते पातळ असल्याने पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी पुसून नव्याने लावावे लागते.

ग्रीस काढायला रंगाच्या दुकानातले मिनरल टर्पेंटाइन किंवा रॉकेल वापरा. पेट्रोल नको, त्याच्या वाफा जमिनीलगत पसरून दूरच्या चुलीपासूनही पेट घेतात. .३१५ ची ॲक्शन ली-एन्फिल्डच्या घराण्यातली. बोल्ट पूर्ण मागे ओढून त्याचे पुढचे डोके वर फिरवले की बोल्ट निघतो. एका रायफलीचा बोल्ट किंवा त्याचे डोके दुसरीत घालू नका. काडतुसामागची जागा त्या जोडीवर बेतलेली असते.

नळी पुलथ्रूने (वजन आणि चिंधी बांधलेल्या दोरीने) साफ करायची असेल तर वजन मागून, चेंबरकडून सोडा आणि तोंडातून दोरी सरळ ओढा. तिरकी ओढली तर दोरी क्राउनच्या एका बाजूला घासून खोबण पाडते, जुन्या फौजी रायफलींत ती डोळ्याला दिसते. एनसीसीत वापरतात तशी चार बाय दोन इंचांची चिंधी घ्या. एका वेळी एकच. दोन कोंबल्या की अडकते. पहिल्या चार-पाच चिंध्या टर्पेंटाइनच्या, नंतर कोरड्या, जोवर पांढऱ्या निघत नाहीत तोवर. चेंबर बोटाने चाचपून पाहा, ग्रीस तिथेच राहते. लाकडी दस्त्याखाली, नळीच्या कडेने ग्रीस मुरलेले असते ते कापडाने टिपा. दस्त्याला जवसाचे तेल द्यायचे तर पातळ हात द्या आणि ती चिंधी गोळा करून टाकू नका. उकळलेल्या जवसाच्या तेलाची चुरगाळलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. उघडी पसरून वाळू द्या किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

काडतुसांच्या बुडावर केएफ अशी खूण दिसेल, ती खडकीच्या दारूगोळा कारखान्याची. जुन्या साठ्यातली काडतुसे असतील आणि प्राइमर कसला आहे याची खात्री नसेल, तर प्राइमर क्षार सोडणारा आहे असेच धरून चाला. जुन्या प्रकारच्या प्राइमरमधून पोटॅशियम क्लोराइड हा क्षार नळीत बसतो, तो तेलात विरघळत नाही, हवेतली ओल ओढतो आणि दोन-तीन दिवसांत गंज आणतो. इलाज गरम पाण्याचा : त्याच संध्याकाळी नळीतून मागून उकळते पाणी सोडा, नळीच्या उष्णतेने ते वाळते. मग कोरडी चिंधी आणि तेल. बोल्टचे तोंडही त्याच पाण्याने पुसा.

पावसाळ्यात रायफल चामड्याच्या किंवा फोमच्या खोळीत बंद ठेवू नका, दोन्ही ओल धरतात. कोरड्या कपाटात, कुलपात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. पुड्यांचा रंग बदलला की त्या तापवून घ्या.

शेवटचे आणि सर्वांत महत्त्वाचे. शस्त्राचा परवाना म्हणजे प्राणी मारण्याची परवानगी नव्हे. रानडुक्कर किंवा रोही पिकाची नासाडी करत असले तरी वन्यजीव कायद्याच्या कलम ११ खाली अधिकृत वनाधिकाऱ्याचा लेखी आदेश हातात आल्याशिवाय गोळी झाडायची नाही. चाचणीच्या गोळ्याही शेतात नकोत. परवानाधारक रेंज गाठा.

प्रश्न : उणे वीसमध्ये रायफल नुसतीच ‘टक’ करते, गोळी सुटत नाही. घरी ठीक चालते. (कॅलगरी, कॅनडा)

उत्तर : बोल्टच्या आत कारखान्याचे तेल राहिले आहे. थंडीत ते घट्ट होते, फायरिंग पिन हळू जाते आणि प्राइमरवर उथळ खड्डा पडतो. बोल्ट पुस्तिकेप्रमाणे खोला, सॉल्व्हंटने धुवा, पूर्ण वाळवा आणि आत कोरडेच ठेवा किंवा ग्राफाइटसारखे कोरडे वंगण वापरा. न सुटलेल्या काडतुसाबाबत घाई नको. नळी निशाणाकडे धरून निदान तीस सेकंद थांबा, मगच बोल्ट उघडा. संध्याकाळी थंड रायफल थेट उबदार घरात आणली तर धातूवर दव धरते. खोळीतच बंद ठेवून घरी आणा, दोन-तीन तासांनी काढा आणि मग पुसा.

प्रश्न : लिव्हर-ॲक्शन .३०-३० मागून साफ करता येत नाही. पुढून केली तर क्राउन खराब होते म्हणतात. मग करायचे काय? (ग्रँड रॅपिड्स, मिशिगन)

उत्तर : मार्लिन ३३६ असेल तर मागून करता येते. लिव्हरचा एक स्क्रू काढला की लिव्हर आणि बोल्ट बाहेर येतात. इजेक्टर त्या वेळी सुटा होतो, तो हरवू नका. विंचेस्टर ९४ मध्ये हे इतके सोपे नाही. तिथे नळीच्या तोंडात बसणारा पितळी किंवा प्लास्टिकचा मझल गार्ड लावून सळई पुढून घाला, ॲक्शन उघडी ठेवून आत चिंधी दाबा म्हणजे घाण खाली ट्रिगरमध्ये पडणार नाही. किंवा सरळ लवचिक केबल घ्या. ती मागून पुढे ओढली जाते आणि क्राउनची काळजी मिटते. मॅगझिनची नळीही पुसा, नव्या रायफलीत तिच्यात ग्रीस असते आणि स्प्रिंग अडखळते. या मॅगझिनमध्ये काडतुसे एकामागे एक आडवी असतात, गोळीचे टोक पुढच्याच्या प्राइमरला टेकते. म्हणून चपट्या टोकाच्या, किंवा खास लिव्हर-ॲक्शनसाठी बनवलेल्या मऊ टोकाच्याच गोळ्या भरा.